नऊच्या पुढचा नंबर

आमच्याकडं फोन उचलला की पहिला प्रश्न येतो, "कुठं हायस?" कसा आहेस, जेवलास का, हे सगळं मागनं. माझी अव्वा, म्हणजे आई, कुरुंदवाडहून फोन करायची तेव्हा तीही हेच विचारायची, आणि मी रंकाळ्याच्या कठड्यावर भेळ खात बसलेलो असलो तरी "लायब्ररीत" म्हणायचो. तिला बरं वाटायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, आणि शिकणारा माणूस दिवसभर लायब्ररीत असतो असं त्यांचं ठाम मत होतं. ते मोडावं असं मला कधी वाटलं नाही.

फोनवर असं सांगून निभावतं. लॅपटॉपवर निभावत नाही, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं, आणि ते कळलं एका म्हशीमुळं. पण हे जरा क्रमानं सांगायला हवं, नाहीतर माझी गाडी नेहमीसारखी मध्येच अडकेल.

दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या कॉलेजात त्या वर्षी वाय-फाय आलं. इमारतींच्या भिंतींवर पांढरे डबे लागले. प्रत्येक डब्याला दोन अँटेना, म्हणून पोरं त्यांना 'शिंगाडे' म्हणायची. हे डबे शिडीवर चढून स्वतःच्या हातानं बसवले होते ते नेटवर्क रूमच्या प्रमुखांनी. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, कारण आमच्या वर्गातल्या एका मुलीचे ते सख्खे मामा होते आणि तिचं ऐकून आम्हीही म्हणू लागलो. मामांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये कॉलेजचा नकाशा होता. नकाशावर डबे, आणि प्रत्येक डब्याखाली त्याला त्या क्षणी चिकटलेल्या लॅपटॉपचे नंबर. येईल त्याला ते कौतुकानं दाखवायचे.

हे नंबर म्हणजे काय ते सांगतो. वाय-फायच्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक पत्ता दिलेला असतो. सहा जोड्या, आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. लॅपटॉप चालू असला की कार्ड तो पत्ता सारखा हवेत सांगत राहतं, तुम्ही काही केलं नाही तरी. म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत राहावी तसं. म्हैस दिसत नसली तरी कुठल्या बांधाला चरतेय ते घंटेवरून कळतं.

आता ती मुलगी. ती कोडोलीची. शिवाजी पेठेत मामांच्या घरी राहून शिकत होती. तिची आई रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला आपल्या भावाला फोन करायची, पोरगी कुठं हाय म्हणून विचारायची, आणि मामा "लायब्ररीत हाय" म्हणून सांगायचे. घरची अट होती की कॉलेज, लायब्ररी आणि घर. बाकी थेरं केलीस तर सामान बांधून कोडोलीला परत. आणि थेरांमध्ये नाटक पहिलं यायचं.

तिनं नाटकात काम घेतलं होतं. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी आमचा ग्रुप एक एकांकिका बसवत होता. एका म्हातारीची म्हैस हरवते आणि गावातला जो तो तिला म्हैस वेगवेगळ्या ठिकाणी बघितल्याचं सांगतो, अशी गोष्ट. म्हातारीचं काम तिचं. मी प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत बसून विसरलेलं वाक्य हळूच सांगणारा. लोकांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, पण अंधारात बसून दुसऱ्याला शब्द पुरवायला मला फार आवडायचं. तिला मी कधी वाक्य सांगितलंय असं आठवत नाही. ती विसरायचीच नाही. स्टेजवर कमरेत वाकून उभी राहिली की ती आमच्या वयाची आहे हेच मी विसरायचो. हे काम तिच्याकडून गेलं असतं तर एकांकिकेत फक्त म्हैस उरली असती.

म्हैस तिच्या लॅपटॉपात होती. म्हशीचं रेकणं तिनं कोडोलीत गोठ्यात जाऊन रेकॉर्ड करून आणलं होतं, आणि आमच्या ग्रुपमध्ये दुसरा लॅपटॉप नव्हता. वर्कशॉपच्या मागच्या जुन्या हॉलमध्ये दुपारी तीनला तालीम सुरू झाली की तो लॅपटॉप विंगेत माझ्या मांडीशेजारी उघडा असायचा. म्हैस रेकवणं हेही माझंच काम.

एके दिवशी मामांनी तिला जेवताना सहज विचारलं, "दुपारी वर्कशॉपमागं काय करत होतीस गं?" त्यांच्या मनात काही नव्हतं. नवं खेळणं हाताशी होतं, म्हणून बघितलं. लॅपटॉप त्यांनीच घेऊन दिलेला, नंबर त्यांना पाठ. मैत्रिणीकडं गेल्याचं सांगून तिनं वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी तालमीआधी मला गाठलं. मी सेमिनारसाठी नेटवर्क हा विषय घेतलाय हे तिला माहीत होतं. वाय-फाय बंद करून टाकूया असं मी म्हणालो. ती म्हणाली, मग लायब्ररीत पण दिसणार न्हाय की. तेही खरं होतं. वर्कशॉपमागं दिसली तर प्रश्न, कुठंच दिसली नाही तर मोठा प्रश्न.

सेमिनारच्या वाचनात मला एक गोष्ट सापडली होती आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. कार्डाचा पत्ता बदलता येतो. कारखान्यानं दिलेला पत्ता आत तसाच राहतो, पण बाहेर सांगताना कार्डाला दुसराच सांगायला लावता येतं. दर वेळी नवा, फासे टाकल्यासारखा कुठलाही. मग ऐकणाऱ्याला काल इथं असलेला आणि आज तिथं असलेला एकच आहे हे कळायचा मार्गच उरत नाही. मी हे सरांना सांगायचा प्रयत्न केला होता, पण "म्हणजे सर, मला असं वाटतं" याच्या पुढं गाडी गेली नव्हती.

मी हॉस्टेलवर जाऊन तसा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. खोलीतल्या पार्टनरचा सेकंडहँड लॅपटॉप होता, त्याच्यावर. बऱ्याच चुकांनंतर एका दुपारी तो चालला. कार्डानं क्षणभर मान टाकली, आणि नवा पत्ता घेऊन ते परत उठलं. मी पुन्हा चालवला. पुन्हा नवा. मी बहुधा हसत सुटलो असणार, कारण पार्टनर अंघोळ अर्धी टाकून बघायला आला. मला तो आनंद नीट सांगता येणार नाही. आमच्या घराण्यात नाव बदलायची सोय कुणाला कधी मिळाली नव्हती आणि मी बटण दाबून दर मिनिटाला नवीन होत होतो. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत मी तिला सांगायला धावलो.

तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग माझा नंबर गेल्यावर मामा काय म्हणंल?"

माझा फुगा तिथंच फुटला. सगळे आपापल्या जुन्या नंबरानं असताना एकटीचाच नंबर गायब झाला तर ते आधीच्यापेक्षा जास्त डोळ्यावर येणार. एकट्यानं मुखवटा घालून रस्त्यावर फिरलं तर लोक बघणारच. जत्रेत सगळ्यांनीच घातला तर कोण कुणाला ओळखतोय? म्हणजे लॅपटॉपवाल्या सगळ्या पोरांना पटवायला हवं होतं. आणि पटवणार मी.

कॅन्टीनमध्ये मी विषय काढला. तिथला म्होरक्या म्हणजे शिवाजी पेठेतला एक धिप्पाड गडी, पेठेतल्या फुटबॉल टीमचा गोली. त्याच्या मोठ्या भावाकडं जीप होती आणि स्वतःकडं चकाचक लॅपटॉप. त्यानं माझं अर्धं बोलणं ऐकलं आणि चहा खाली ठेवला.

"आमाला काय लपवायचंय रं पावणं? आमी काय दरोडं घालतोय व्हय?"

मी कुरुंदवाडचा म्हणून तो मला तीन वर्षं पावणंच म्हणत होता. लपवायचं म्हणजे तसं नव्हे, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्याचं लक्ष मात्र भलत्याच गोष्टीवर गेलं होतं.

"म्हंजे नंबर आपला आपण टाकायचा?"

"हो, टाकता येतो, पण तो कुठलाही—"

"मग आधी बोल की मर्दा."

त्यानंतर काय झालं ते कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागणार नाही. आमच्याकडं गाडी घ्यायच्या आधी नंबर ठरतो. घरातल्या दुचाकीचा, जीपचा आणि ट्रॅक्टरचा नंबर एकच असावा म्हणून माणसं वर्षभर थांबतात. पाटीवर नुसतं कोल्हापूरचं एमएच-०९ दिसलं तरी परक्या गावात ऊर भरून येतो. एम आणि एच ही अक्षरं कार्डाच्या पत्त्यात चालत नाहीत हे कळल्यावर टेबलावर थोडी हळहळ झाली. पण शून्य नऊ चालत होतं. सगळ्यांनी पहिली जोडी ०९ घेतली. पुढं गोलीनं भावाच्या जीपचा नंबर टाकला, कुणी बुलेटचा, कुणी जर्सीचा, कुणी नुसतेच नऊ. माझा फासे टाकणारा भाग त्यांनी काढूनच टाकला होता. मी "पण मग ओळखू येणार" म्हणत राहिलो. "यायलाच पायजे की," म्हणून ते बटण दाबत राहिले.

आणि एकाचंही वाय-फाय लागेना.

मग गोलीनं माझ्याकडं बघितलं. "पावणं, नेट घालवलंसा."

मी ०९ कडं बघत बसलो आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला, आणि मग हसू आवरेना, इतकं की बोलताही येईना. पत्त्याची पहिली जोडी विषम असून चालत नाही. विषम जोडी ही एकट्याच्या पत्त्यासाठी नसतेच. ती सगळ्यांना मिळून मारायच्या हाकेसाठी राखून ठेवलेली असते, पेठेतल्या गणपतीच्या कर्ण्यासारखी. कार्ड बिचारं म्हणत होतं, तू एकटा आहेस, कर्ण्याचं नाव तुला कसं देऊ? आणि हे कुणाच्या लक्षात येणार? दुसऱ्या एखाद्या गावातली पोरं असती तर त्यांनी ०९ धरून ठेवलंच नसतं.

मी त्यांना सांगितलं की या मोजणीत नऊच्या पुढं दहा येत नाही, ए येतो. शून्य ए ही जोडी चालते. एवढंच नाही, कारखान्याबाहेर आपण स्वतः ठेवलेल्या पत्त्यांसाठी जी खूण लागते ती तिच्यात आपोआप असते. ०९ सोडायचं म्हटल्यावर चेहरे पडले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "कोल्हापूर नऊच्या म्होरंच की." एवढ्यावर शून्य ए मंजूर झाला.

पण पुढच्या पाच जोड्या फाशांवर सोडायला कुणी तयार नव्हतं. गोली म्हणाला, "कुणाला कळणारच न्हाय, तर त्यो नंबर घिऊन काय लोणचं घालू?" आजही मला वाटतं की त्या प्रश्नात काहीतरी होतं. ज्याला लपायची गरज नाही त्यानं का लपावं?

ती शेजारच्या टेबलावर मैत्रिणींबरोबर बसली होती. उठून आली. "मी सांगतो," म्हणाली. आमच्या बाजूच्या मुली अशाच बोलतात, मी जातो, मी सांगतो. तिनं गोलीसमोर उभं राहून सगळं सांगितलं, आईचा फोन, मामांचा नकाशा, तालीम. शेवटी म्हणाली, "तुमचा नंबर दिसला तर तुमी मिरवणार. माझा दिसला तर माझं काम जाणार. आणि मामाकडचं ऱ्हाणं पण."

गोलीनं खुर्ची तिच्याकडं वळवली.

"म्हैस हुडकणारी म्हातारी ती तूच व्हय?"

"व्हय."

"आपल्या इरुद्ध सांगलीवालं पण हायत का स्पर्धेला?"

"हायत."

"मग हे आधी सांगायचं सोडून ह्यो पावणा दोन तास आमाला जोड्या शिकवतोय." आणि त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "टाक तुझं फासं."

त्याच्या मागोमाग सगळ्यांनी सरकवले. गोलीनं जीपचा नंबर पुसताना एकदाच सुस्कारा टाकला. माझा पेन ड्राइव्ह त्या दिवशी वर्गावर्गातून, हॉस्टेलमधून, मुलींच्या कॉमन रूममधून फिरून आला. कुणी मामांसमोर चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सेमिनारची शंका विचारायची म्हणून मी नेटवर्क रूममध्ये डोकावलो. नकाशावर एकही ओळखीचा नंबर नव्हता. सगळीकडं शून्य ए, शून्य ए, आणि पुढं काहीच्या बाही. एखादा लॅपटॉप मिटून परत उघडला की जुना नंबर गायब आणि नवा हजर. मला भीती वाटायला हवी होती, पण दिवाळीत आकाशाकडं बघावं तसं मी त्या पडद्याकडं बघत होतो. मामा खुर्ची पुढं ओढून बसले होते.

"पावणं आल्यात बघ," ते म्हणाले. "सगळं कॉलेज पावण्यांनी भरलंय. आणि आमची पोरं गेली कुठं?"

बाहेरच्या रस्त्यावरून कुणीतरी आपलं वाय-फाय ओढतंय, असा त्यांनी अंदाज बांधला. आणखी दोनदा पडदा ताजा केला. मग चपला शोधल्या, किल्ल्या घेतल्या. "बसून न्हाय कळायचं हे," म्हणाले, आणि एकेक डबा बघायला निघाले.

इथं माझं डोकं चाललं नव्हतं. नकाशा असेपर्यंत मामा खुर्चीत होते. नकाशा आम्ही निकामी केला आणि मामा पायांवर उभे राहिले. आधी लायब्ररीचा डबा, मग कॅन्टीनचा, मग वर्कशॉपचा. वर्कशॉपचा डबा आमच्या हॉलच्या दाराशेजारीच होता.

मी बागेतून आडवा पळालो. पोचलो तेव्हा तालीम सुरू झाली होती आणि ती स्टेजच्या मधोमध कमरेत वाकून, काठी टेकत फिरत होती. मी विंगेत घुसलो. धापेनं शब्द फुटेना. हातवारे केले, तिला ते दिसले नाहीत. तेवढ्यात दारात किल्ल्या वाजल्या आणि माझ्या तोंडून, प्रॉम्प्टरच्या सवयीच्या हळू आवाजात, एकच शब्द निघाला.

"मामा."

ती कधी न विसरणारी मुलगी. तिला वाटलं असणार की आज आपलं काहीतरी चुकलं, एक वाक्य राहिलं. तिनं काठी आपटली, दाराकडं वळली आणि त्या म्हातारीच्या फाटक्या आवाजात ओरडली, "मामा! माझी म्हैस बघितलीसा का वं?"

दारात खरेच मामा उभे होते. हातात किल्ल्या, कपाळावर घाम. आणि इतक्या कळवळून विचारल्यावर कोल्हापूरचा माणूस उत्तर दिल्याशिवाय कसा राहील? त्यांच्याही तोंडून निघून गेलं, "न्हाय वं आजी."

मी दचकून मागं सरलो, कोपर लॅपटॉपवर पडलं आणि कोडोलीची म्हैस सगळ्या हॉलभर रेकली.

मला वाटलं, संपलं. पण ती थांबली नाही. मामांना बघून तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला विंगेतून दिसलं नाही, पाठ होती माझ्याकडं. पाठ जराही सरळ झाली नाही, कमरेतला बाक तसाच होता. तिनं पुढचं वाक्य घेतलं, मग त्याच्या पुढचं. मामा शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर टेकले. म्हातारी तलाठ्याला झापते तिथं ते हसले. पाठ करून ठेवल्यासारखं सगळं शेवटपर्यंत झालं.

मामा उठले. "मागं ऐकू येत न्हाय," म्हणाले. "म्हैस येती. तू येत न्हाईस."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाच वाजले होते. त्यांनी तो कानाला लावला.

"हाय की," ते म्हणाले. "माझ्या म्होरंच हाय." पलीकडून बहुतेक अभ्यासाचं विचारलं असावं. "ते तिलाच इचार," म्हणाले, आणि फोन खिशात टाकला. मग भाचीला म्हणाले, "मी न्हाय सांगणार. खोटं बी न्हाय बोलणार. रविवारी जाऊन तू सांग."

ती रविवारी कोडोलीला गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं आम्हाला कधी पुरतं सांगितलं नाही. आम्ही मात्र सोमवारी दुपारी हॉलच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलो होतो, गोलीसुद्धा. ती फाटकातून आली ती हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून तिनं एक जुनं, विटलेलं, नऊवारी लुगडं काढलं आणि झटकलं. "आई म्हणाली, म्हातारी पंजाबी ड्रेसात म्हैस हुडकत न्हाय."

गोलीनं शिट्टी मारली. मी उगाचच बागेला एक चक्कर मारून आलो, दुसरं काय करायचं ते सुचेना.

त्या दिवसापासून तीन ते पाच मामा शेवटच्या रांगेत. आवाज कमी पडला की हात वर करायचे. नेटवर्क रूममधल्या पडद्यावर पावणं येत होते, जात होते, आणि समोरची खुर्ची रिकामी होती. प्रोग्राम पोरांनी काढला नाही. गोली तर दर वेळी कुठला नंबर पडतो ते बघायचा आणि चांगला पडला की आम्हाला चहा पाजायचा.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. लुगड्यातली म्हातारी काठी टेकत पुढं आली, पहिलं वाक्य बोलली, आणि मी विंगेच्या फटीतून शेवटच्या रांगेकडं बघितलं. मामांचा हात खालीच होता. शेजारी कोडोलीहून आलेली तिची आई पदर तोंडाला लावून बसली होती.

पडदा पडल्यावर माझा फोन वाजला. अव्वा. "कुठं हायस?"

मी एवढा खुशीत होतो की खरं सांगून टाकलं. नाटकात हाय. तिनं विचारलं, नाटकात काय करतोस? विंगेत बसून सांगतो, म्हटलं. ती म्हणाली, लोकांना दिसतोस का? न्हाय, म्हटलं.

"दिसत न्हाईस तर मग," अव्वा म्हणाली, "लायब्ररीत बसलास तर काय बिघडलं?"